20 किलोचा डंबेल संच: पाळी थांबल्यानंतरच्या हाडांसाठी कितपत कामाचा?

पन्नाशीच्या आसपासच्या बाईला हाडांच्या नावाखाली बाजार बरंच काही विकतो. कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, ‘खास महिलांसाठी’ म्हणून गुलाबी डब्यातली प्रोटीन पावडर, गुडघ्याचे पट्टे, पायाखाली थरथरणारं यंत्र. यांतल्या बहुतेकांपेक्षा जास्त उपयोगाची वस्तू मात्र तिच्यासाठी म्हणून कुणीच विकत नाही. ती मुलाच्या हौशीनं घरात येते, चार महिने वापरली जाते आणि पलंगाखाली जाते. तो हा सुट्या प्लेटांचा 20 किलोचा डंबेल संच.

निकाल आधीच सांगायचा तर, घ्यावा. पण खोक्यात येतो तसाच वापरायला घेतला तर दुसऱ्या महिन्यात गाडी अडते, आणि त्यात दोष बाईचा नसून प्लेटांच्या हिशोबाचा असतो.

खोक्यात काय असतं

सर्रास खपणारा संच पीव्हीसीचा. 2 किलोच्या चार प्लेट, 3 किलोच्या चार प्लेट, साधारण 14 इंची दोन रॉड आणि चार नट. प्लेटच्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंट-वाळूसारखा भराव असतो. किंमत साइटनुसार आणि सेलनुसार हलते, पण साधारण हजार-दीड हजारांच्या घरात. बिडाच्या प्लेटा याहून महाग. त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात किलोच्या भावानं सुट्या मिळतात.

आता हिशोब बघा. डंबेलला दोन्ही बाजूंना सारखी प्लेट लागते, म्हणजे 2 किलोची जोडी चढवली की एका हातात एकदम 4 किलो वाढतात. 3 किलोची जोडी म्हणजे 6, दोन्ही जोड्या म्हणजे 10. रॉडचं वजन वेगळं, किलो-दीड किलो. थोडक्यात, या संचात चारच पायऱ्या आहेत: नुसता रॉड, +4, +6, +10. विशीतल्या मुलाला हे चालतं. पंचावन्नच्या बाईला खांद्यावरून वर ढकलायच्या व्यायामात नुसता रॉड आठवड्याभरात हलका वाटतो आणि पुढची पायरी साडेपाच किलोची निघते. ती झेपत नाही. मग एक तर ती रॉडवरच अडकून बसते किंवा कमरेतून वाकून, झटका देऊन साडेपाच किलो वर नेते आणि खांदा धरून बसते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. संचासोबतच 1 किलोच्या चार आणि अर्ध्या किलोच्या चार प्लेटा सुट्या घ्याव्यात. मग प्रत्येक डंबेलला +1, +2, +3 असं करत थेट +13 किलोपर्यंत एकेक किलोनं चढता येतं, मधे एकही पायरी गळत नाही. घेण्याआधी भोकाचा व्यास जुळतो का ते बघा. रॉड 25 मिलिमीटरचा आणि प्लेट 28-30 ची असेल तर ती खुळखुळते, उलट असेल तर चढतच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे रॉड पिशवीत घालून दुकानात न्यावा.

सुट्या प्लेटा मिळाल्याच नाहीत तर मनगटाला बांधायचे अर्ध्या किलोचे पट्टे तात्पुरते चालतात. एक-एक किलोचे रंगीत व्हिनाइलचे डंबेल मात्र घेऊ नका. पाच किलो पिठाची पिशवी उचलणाऱ्या, पाण्यानं भरलेली बादली मोरीतून बाहेर काढणाऱ्या बाईला 1 किलो म्हणजे हात हलवण्याचं निमित्त झालं.

वजन जड का लागतं

हाड म्हणजे सतत मोडलं आणि बांधलं जाणारं काम. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालून ठेवतं. पाळी थांबते, लगाम सुटतो, आणि मोडतोड बांधकामाच्या पुढे जाते. पाळी जाण्याच्या आसपासच्या काही वर्षांत कण्याच्या हाडाची घनता वर्षाला साधारण 2 टक्क्यांनी उतरते, नंतर वेग मंदावतो. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, म्हणजे ही घसरण पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी सुरू होते. स्नायूही याच काळात आटतात, आणि पुढे फ्रॅक्चर होतं ते बहुतेकदा दोन्ही मिळून: पाय लटपटतो म्हणून बाई पडते आणि हाड ठिसूळ म्हणून मोडतं.

हाडाला ‘बांध’ असा निरोप देतो तो ताण, आणि तोही सवयीचा नसलेला. रोज चालणाऱ्या बाईच्या हाडांना चालण्याची सवय झालेली असते. म्हणून सकाळचा फेरफटका हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम, पण कण्याच्या हाडासाठी जवळजवळ निरुपयोगी. ‘मी रोज पाच किलोमीटर चालते, मग घनता कमी कशी?’ हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो, त्याचं उत्तर हेच.

जड वजनाच्या बाजूनं सर्वात ठळक पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे. गोल्ड कोस्टच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या बेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी ‘लिफ्टमोर’ या नावानं केलेली आणि 2018 साली प्रसिद्ध झालेली चाचणी. हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या 101 स्त्रिया, सरासरी वय 65. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास. जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावर वजन घेऊन बैठक, डोक्यावर वजन ढकलणं, आणि दांड्याला लटकून खाली उडी. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या 85 टक्क्यांहून जास्त, पाच वेळा, पाच सेट (सेट म्हणजे मधे न थांबता केलेली एक फेरी). त्यांच्या कण्याची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम केलेल्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. कमरेत उसण भरण्याचा एक किरकोळ प्रसंग सोडला तर इजा नाही.

हे वाचून कुणी उद्याच 40 किलो उचलायला जाऊ नये. त्या बायकांचा पहिला महिना हलक्या वजनावर पद्धत शिकण्यात गेला होता, आणि प्रत्येक सत्राला जाणकार शिक्षक डोळ्यांसमोर उभा होता. घरचा डंबेल संच तिथवर पोचवत नाही. पण पहिलं वर्षभर तो पुरतो, आणि तोवर अंगात आलेली ताकद आणि वळण घेऊन जिममधल्या लांब दांड्याकडे जाता येतं.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा

पहिली घरच्या खुर्चीवर. हात छातीशी बांधून पाच वेळा पूर्ण उठा-बसा आणि वेळ मोजा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर 2019 च्या आशियाई निकषांनुसार शरीराची कार्यक्षमता कमी समजतात. (हाताच्या पकडीची ताकद यंत्रावर मोजली तर बायकांसाठी 18 किलोच्या खाली ती कमी.) आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. संच कामाचा ठरतोय की नाही, हे तीन महिन्यांनी हीच खुर्ची सांगेल.

दुसरी उंचीची. तरुणपणीच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरत असेल, पाठीत अचानक सणक येऊन गेली असेल किंवा पाठ वरच्या भागात वाकत चालली असेल, तर मणका दबलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी आधी एक्स-रे आणि डॉक्टर, डंबेल नंतर. रक्तदाब ताब्यात नसेल, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तरीही आधी विचारून घ्या. आणि हाडांचं औषध चालू असेल तर डंबेल आले म्हणून ते बंद करू नका. दोन्हींचं काम वेगळं आहे.

चौरंगावर ठेवलेला डंबेल

या संचाचा आणखी एक दोष वापरताना कळतो. प्लेटा लहान असल्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या डंबेलची दांडी फारशी उंच येत नाही, जेमतेम 8-10 सेंटिमीटर. जिममधल्या लांब दांड्याच्या मोठ्या प्लेटांमुळे तो नडगीच्या मध्यापर्यंत येतो. इथे हात जमिनीपर्यंत न्यायला पाठ गोल करावी लागते, आणि ठिसूळ मणक्यांसाठी सगळ्यात वाईट स्थिती हीच: पुढे वाकलेली, गोल झालेली पाठ आणि हातात ओझं. मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो, आणि ती कडाच आधी चेपते.

म्हणून डंबेल जमिनीवरून कधीच उचलायचे नाहीत. घरातला चौरंग घ्या, किंवा दोन दणकट पाट एकावर एक. दांडी गुडघ्याच्या थोडी खाली आली पाहिजे. चौरंग हलता-डुलता नको, आणि काच बसवलेला तर अजिबात नको.

वाकायचं कसं, हे वजनाशिवाय आधी शिका. फरशी पुसायच्या दांडक्याची काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला, अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे थोडे सैल सोडून, मागच्या दाराला कुल्ल्यानं धक्का द्यायचाय असं समजून मागे जा. तीनपैकी एकही टेकण सुटलं की थांबा. तेवढीच तुमची आजची मर्यादा. भिंतीपासून एक वीत पुढे उभं राहून भिंतीला मागून स्पर्श करण्याचा सराव केला की दहा-बारा दिवसांत हे अंगवळणी पडतं. मग चौरंगावरचे दोन डंबेल उचलून सरळ उभं राहायचं, आणि तसंच मागे जाऊन परत ठेवायचं. सुरुवात प्रत्येक हाती 5-6 किलोनं करावी. बहुतेकींना हा आकडा ऐकून धडकी भरते आणि उचलल्यावर ‘एवढंच?’ वाटतं. गॅसचा भरलेला सिलिंडर, ज्यात नुसता गॅसच 14.2 किलो असतो, दारातून स्वयंपाकघरात सरकवलेली बाई ही.

बाकीचे व्यायाम थोडक्यात. खुर्चीवरून उठबस: एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून, बसताना तीन मोजत सावकाश, धपकन नाही. पलंगाच्या किंवा जेवणाच्या टेबलाच्या कडेला एक हात टेकून दुसऱ्या हातानं डंबेल कमरेकडे ओढणं, यानं वरची पाठ आणि दंड तयार होतात, पोक कमी होतं. डोक्यावर ढकलणं: 2-3 किलोनं सुरू, कोपरं थोडी पुढे, फासळ्या न फुगवता. खांदा आखडलेला असेल, आणि मधुमेह असलेल्यांत या वयात तो वारंवार आखडतो, तर सरळ वर न नेता तिरकं, दुखणार नाही तेवढंच. जिन्याच्या पायरीवर एकेका पायानं चढणं-उतरणं, कठडा हाताशी ठेवून. शेवटी टाचा: ओट्याला हात टेकून चवड्यांवर उंच व्हायचं आणि टाचा जमिनीवर थोड्या जोरात टेकवायच्या, 20 पासून सुरू करून 50 पर्यंत. मणका दबलेला असेल त्यांनी हा शेवटचा प्रकार वगळावा.

आठवड्यातून दोनदा, मधे किमान दोन दिवस सोडून. पहिले चार आठवडे प्रत्येक व्यायाम 10-12 वेळा, दोन सेट. नंतर 8 वेळा, तीन सेट. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून उचलणं आणि उठबस हे दोनच व्यायाम जड करून 5 वेळा, चार ते पाच सेट. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं खरंच बसायचं. वजन बरोबर आहे की नाही याची खूण अशी: सेट संपताना अजून दोनदा जमलं असतं, तिसऱ्यांदा नसतं. सहज पाचदा जमलं असतं तर ते हलकं आहे. सलग दोन सत्रांत ठरलेला आकडा पुरा झाला की हातांच्या व्यायामाला 1 किलो, पायांच्या व्यायामाला 2 किलो वाढवा. इथेच त्या अर्ध्या किलोच्या प्लेटा पैसे वसूल करतात.

बिघडतं कुठे

नट. या संचाचा सगळ्यात कच्चा दुवा. पीव्हीसीच्या प्लेटा जाड असतात, दोन-तीन चढवल्या की नटाला आटे कमी उरतात, आणि हलवताना तो हळूहळू उलटा फिरतो. छातीशी उभा धरलेला डंबेल असेल तर खालची प्लेट पायावर. प्रत्येक सेटआधी चारही नट हातानं पिळायचे, हा नियम मोडू नये. नटाच्या आत रबरी वायसर असलेला संच मिळाला तर तोच घ्या.

वजन. पीव्हीसीच्या प्लेटेवर छापलेलं वजन आणि खरं वजन यांत फरक सापडतो, आणि दोन ‘सारख्या’ प्लेटांतही. प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्यावर सगळ्या प्लेटा आणि रॉड एकदा मोजून त्यावर मार्करनं खरं वजन लिहा. जोड्या खऱ्या वजनावरून लावा. डावी-उजवी बाजू पाव किलोनंही वेगळी असली तर मनगटाला ती कळते.

पकड. रबरी वेष्टण असलेल्या जाड रॉडभोवती लहान हाताची बोटं पुरत नाहीत. मूठ बंद केल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या टोकाला टेकत नसेल तर तो रॉड तुमच्यासाठी जाड आहे. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं हा या वयातला नेहमीचा त्रास, त्यात जाड रॉड भर घालतो. वेष्टण काढता येत असेल तर काढा, नाहीतर उठबस आणि पायरीसाठी पाठीवरच्या सॅकमध्ये प्लेटा भरून घ्या.

भराव. प्लेट दोन-चारदा आपटली की कवचाला चीर जाते आणि भुकटी गळायला लागते. खाली सतरंजी नव्हे, जुनी जाड रबरी मॅट घाला. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंधही टिकतात. बिडाच्या प्लेटा फुटत नाहीत, पण कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात त्या गंजतात. शिलाई मशीनच्या तेलाचा हात महिन्यातून एकदा फिरवला की भागतं. दमट हवेत पीव्हीसीचा हा एक गुण मानावा लागेल.

पाय. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून वजन उचलू नका. अनवाणी किंवा सपाट तळाचे बूट. गाउन किंवा साडीतही नको, पाय नेमका कुठे आहे ते दिसलं पाहिजे.

आणि श्वास. वजन वर जाताना श्वास सोडायचा. कोंडून ठेवला की रक्तदाब उसळतो, आणि ओटीपोटावर खाली जोर येऊन लघवीचे थेंब निसटतात. थेंब निसटणं फार जणींना होतं, लाजेनं कुणी बोलत नाही, आणि व्यायामच सुटतो. वजन एक पायरी उतरवा, उचलण्याच्या क्षणी खालचे स्नायू आत-वर ओढून श्वास सोडा. तरी थांबलं नाही तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा, हे बरं होण्यासारखं दुखणं आहे.

योगासनं करणाऱ्यांसाठी एक अप्रिय सूचना. घनता कमी निघाली असेल तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पाठ गोल करून पायाच्या अंगठ्यांना हात लावणं बंद करा. भुजंगासन, वीरभद्रासन, उत्कटासन राहू द्या.

याऐवजी दुसरं काही?

रबरी पट्टे पाठीच्या आणि खांद्याच्या व्यायामाला चांगले, प्रवासात सोबत नेता येतात. पण ताण किती आहे ते मोजता येत नाही, त्यामुळे वाढवायचा कसा हेही कळत नाही. उष्ण-दमट हवेत रबर वर्षभरात चिरतं, तुटलेला पट्टा डोळ्यावर बसू शकतो. घोट्याला बांधायची वजनं घालून फिरायला जाणं म्हणजे गुडघ्याला त्रास आणि हाडाला फायदा नाही. थरथरणाऱ्या यंत्राचे हजारो रुपये याच संचाच्या बिडाच्या आवृत्तीत घाला.

पोटात काय जातं त्याशिवाय लोखंड काही करत नाही

साठ किलोच्या बाईला स्नायू परत बांधायचे तर दिवसाला 60 ते 72 ग्रॅम प्रथिनं लागतात, किलोमागे 1 ते 1.2. आपल्या शाकाहारी ताटाचा हिशोब करू. दिवसभरात पाच पोळ्या, 15 ग्रॅम. दोन वाट्या वरण-आमटी, 11 ते 12. भात, भाजी मिळून 5. दूध-चहा-दही, 10. गाडी 41-42 वर थांबते. सकाळचे पोहे किंवा उपमा धरले तरी आणखी 4-5 ग्रॅमच, म्हणजे रात्रभर उपाशी असलेले स्नायू दुपारपर्यंत तसेच. तूट भरायला सगळ्यात सोपी जागा न्याहारीच: दोन अंडी (12 ग्रॅम), किंवा 60-70 ग्रॅम पनीर, किंवा मुगाच्या घावनाबरोबर वाटीभर दही. कोरडे 30 ग्रॅम सोया चंक्स भाजीत गेले की 15 ग्रॅम मिळतात. श्रावणातल्या उपवासांना साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, तेव्हा त्या दिवशी राजगिरा, दाणे, दूध-ताक पुढे करा.

एवढं करूनही जमत नसेल तरच पावडर. डब्याच्या पुढच्या बाजूवरचं काही वाचू नका, मागचं कोष्टक बघा. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 70 च्या वर असतील तर ती कामाची. 30-35 असतील आणि साखर वरच्या ओळींत असेल तर ते महागडं दुधात घालायचं पेय आहे, मग डब्यावर शतावरी असो की बाईचं चित्र. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक डब्यावर हवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं सक्तीचं.

कॅल्शियमची गरज पाळी गेल्यावर दिवसाला 1200 मिलिग्रॅम. दूध-दही मिळून 400 मिलिलिटर म्हणजे 480. नाचणीच्या 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 200 च्या थोडं वर. तिळाची चटणी, काट्यासकट खाल्लेली छोटी सुकी मासळी यांची भर पडली की उरलेल्यासाठी 500 ची एक गोळी पुरते. लेबलचा सापळा ओळखा: ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम 500. सायट्रेटच्या 1000 मिलिग्रॅममध्ये जेमतेम 210. कार्बोनेट जेवणासोबतच घ्यावं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असलेल्यांना सायट्रेट बरं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, सकाळी दोन्ही एकदम गिळणं ही घराघरातली चूक.

ड जीवनसत्त्वाची 60,000 एककांची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, आठ आठवडे, असं डॉक्टर लिहून देतात. ती रोज घेतली गेल्याच्या चुका खरोखर होतात. मळमळ, खूप तहान, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि मूत्रपिंडाला इजा. पुडीवर वार लिहून ठेवा.

फरक पडतोय का, कसं कळणार

ताकद सहा-आठ आठवड्यांत वाढते, दंड-मांड्यांत भरीवपणा तीन-चार महिन्यांत कळतो. हाडाचं एक नूतनीकरण व्हायलाच चार-सहा महिने लागतात, म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, वर्षाच्या आत पुन्हा करून पैसे घालवू नका. यंत्रांमध्ये फरक असतो, तेव्हा दुसऱ्यांदाही त्याच केंद्रात जा. कमरेचे मणके आणि खुबा, दोन्ही मोजायला सांगा. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे 1 किंवा त्याहून वर असेल तर ठीक. उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे घनता कमी. उणे 2.5 किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. साठीनंतर मणक्यांवर वाढलेली हाडाची टोकं आकडा खोटाच चांगला दाखवू शकतात, तेव्हा खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा. सोसायटीतल्या मोफत शिबिरात टाच यंत्रात घालून मिळणारा कागद ही चाळण आहे, निदान नाही. त्यावरून औषध सुरूही करू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

साठवण्याबद्दल शेवटचं. संच पलंगाखाली ठेवला की तो ओढून बाहेर काढणं हीच दिवसातली सगळ्यात धोक्याची उचल ठरते: वाकलेली पाठ, ताणलेले हात, आणि 20 किलोचं खोकं. प्लेटा सुट्या करून चौरंगावरच राहू द्या, भिंतीला लावून, एकावर एक. पाहुणे आले तर वरून ओढणी टाका.